एकशे बारावं कॉलेज

२ मे, शुक्रवार

दादा आज सकाळीच येऊन टपकला. काखेत मासिक, चेहऱ्यावर विजय. बसायच्या आधीच त्याने ते टेबलावर आपटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"चौथं! देशात चौथं! आणि तुमच्या घरापासून चालत जाता येतं. लोक दुसऱ्या टोकाहून येतात तिथे शिकायला."

विषय अर्थातच माझी लेक. तिची शाळा संपली, मार्क उत्तम पडले आणि आता कॉलेज निवडायचंय. घरात तिला खडी म्हणतात. लहानपणी हिच्या फ्रॉकच्या खिशात कायम दगड असायचे, तेव्हा तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. दगड अजून आहेत, फक्त आता ते खिडकीत मांडलेले असतात आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी असते. तिला भूशास्त्र शिकायचंय. दादाच्या चौथ्या कॉलेजात तो विषय आहे. पण हिचं मन बसलंय आगगाडीने अख्खा दिवस लागणाऱ्या गावातल्या एका कॉलेजावर. शाळेच्या सहलीत तिथली खडकांची प्रयोगशाळा पाहून आली तेव्हापासून तेच डोक्यात.

दादाने मासिकाची पानं उलटत उलटत ते शोधलं. एकशे बारावं.

"एकशे बारा हा क्रमांक आहे का? ही तर बसची पाटी झाली," तो म्हणाला.

खडी उठून आत गेली. मला दादाचा राग आला, पण राग तिच्यासाठी नव्हता, कामाचा होता. मी वजनमापांची निरीक्षक आहे. दुकानातले काटे तपासण्यात माझा जन्म गेला. मी एवढंच विचारलं, "या यादीचा काटा कोणी तपासला?"

"अगं, छापलंय!" दादा म्हणाला.

छापलंय म्हणे. दुकानाच्या पाटीवरही 'चोख वजन' असंच छापलेलं असतं. मी ठरवलंय, यादी तपासायची. अर्ज भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. माझं स्वतःचं या वादात काहीच मत नाही. तिने कुठेही शिकावं, मला सारखंच.

४ मे, रविवार

आणखी दोन याद्या मिळवल्या, एक वर्तमानपत्राची, एक कुठल्याशा संस्थेची. आपलं ते चालत जायचं कॉलेज पहिल्या यादीत चौथं, दुसरीत तेविसावं, तिसरीत नववं. कॉलेज तेच, साल तेच, शिक्षक तेच, बहुधा गेटवरचा कुत्राही तोच.

बाजारात एखाद्या काट्यावर तेच वजन तीनदा ठेवलं आणि तीन आकडे आले, तर मी तिथल्या तिथे सील ठोकते. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग तिन्हींची सरासरी काढ." मी कपाळाला हात लावला.

७ मे, बुधवार

मासिकाच्या कचेरीत फोन केला. माझं काम काय आहे ते सांगितल्यावर समोरचा माणूस जरा सावरून बोलायला लागला. बिचारा सज्जन होता. म्हणाला, मॅडम, निम्मे गुण नावलौकिकाला असतात.

"तो कसा मोजता?"

"आम्ही जाणकारांना विचारतो, चांगली कॉलेजं कुठली."

"त्यांना कसं कळतं?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "बहुतेक जण आमचा गेल्या वर्षीचा अंक वाचतात."

मला इतकं हसू आलं की टेबलावरचा स्टँप खाली पडला. उरलेल्या निम्म्या गुणांचं काय, तर कॉलेजांनी स्वतः पाठवलेली माहिती. म्हणजे दुकानदारानेच स्वतःच्या काट्याचा दाखला लिहायचा. जी कॉलेजं माहिती पाठवत नाहीत, त्यांना तिथे शून्य. एकशे बारावाल्यांनी पाठवली होती का, हेही विचारलं. त्याने शोधून सांगितलं, नव्हती पाठवली.

घरी येऊन हे सगळं जेवताना सांगितलं. खडी इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "आई, मग ते एकशे बारावं नाहीच! ते कितवं आहे कोणालाच माहीत नाही!"

मी म्हटलं, एवढ्यात उड्या मारू नकोस. काटा खोटा निघाला म्हणजे माल चांगला आहे असं होत नाही.

११ मे, रविवार

दुसऱ्याच्या काट्याला नावं ठेवणं सोपं. मी माझा स्वतःचा करायला घेतलाय. संगणकावर तक्ता मांडला. दोन कॉलेजं, दोन पारडी. शिक्षक किती आणि कसे, प्रयोगशाळा, ग्रंथालय, पुढे मुलांना काम कुठे मिळालं. प्रत्येक गोष्टीला भार ठरवला. माहिती दोन्ही कॉलेजांना फोन करून, जुन्या विद्यार्थ्यांना गाठून जमवली. दूरच्या कॉलेजातल्या बाईंनी तर न विचारता सांगितलं की त्यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि एका वर्गाचं छप्पर गळतं. असा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता.

खडी मागे उभी राहून बघत होती. तिच्या बाबांनीही एकदा डोकावलं. ते नकाशांच्या कचेरीत आहेत, दिवसभर रेघा मारतात आणि शब्दही रेघेइतकेच बारीक वापरतात. "छान," म्हणाले आणि गेले.

१३ मे, मंगळवार

तक्ता पूर्ण झाला. दूरचं कॉलेज पुढे निघालं. बऱ्यापैकी पुढे.

खडीने नाचून घर डोक्यावर घेतलं. मी तिला थांबवलं, कारण तक्ता कच्चा होता, हे माझ्या लक्षात आलं. माणूस नुसता वर्गात राहत नाही. मुलीने खायचं काय, याचा विचार कुठे होता? म्हणून 'आहार' हा रकाना घातला. मग आजारी पडली तर कोण बघणार? 'आजारपणातली मदत'. जाण्यायेण्यात किती वेळ मोडतो? 'प्रवास'. तिला थंडी सोसत नाही, म्हणून 'हवामानाची सवय'. शिवाय 'झोप', कारण वसतिगृहात मुली म्हणे फार गप्पा मारतात.

"हवामान कशाला?" खडीने विचारलं.

"तुला दर थंडीत सर्दी होते."

"पाचवीत झाली होती एकदा."

मी म्हटलं, एकदा झाली म्हणजे नोंद झाली. मोजमापात भावनेला जागा नाही.

१४ मे, बुधवार

नवे रकाने घातल्यावर जवळचं कॉलेज थोडं पुढे आलं. थोडं म्हणजे शंका राहणार. म्हणून 'आहार' आणि 'आजारपण' यांचे भार जरा वाढवले, कारण तब्येत ही मूळ गोष्ट आहे, त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. आता निकाल अगदी स्वच्छ आहे. गंमत म्हणजे दादाची यादी चुकीच्या रस्त्याने का होईना, बरोबर जागी पोचली होती. त्याला हे सांगणार नाही, नाहीतर वर्षभर मिरवेल.

मला फार समाधान वाटलं. तटस्थपणे केलेल्या कामाचं समाधान वेगळंच असतं.

१६ मे, शुक्रवार

खडीने ऐकलं! मला वाटलं होतं आदळआपट होईल, अबोला होईल. काही नाही. तक्ता नीट वाचला, मग माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे आई. इथलंच भरू या."

शहाणी आहे माझी पोर. आकड्यांपुढे हट्ट केला नाही. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे तिने खिडकीतले सगळे दगड काढून खोक्यात भरले आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. किती वर्षं सांगत होते, तिथे धूळ बसते म्हणून. खिडकी कशी मोकळी झाली! उन्हाळ्याने तिची भूक मात्र कमी झालीय. दोन दिवस ताटात अर्धं टाकतेय.

१८ मे, रविवार

आज खडीचे बाबा बोलले. मी तक्त्याचं कौतुक करत होते, ते पेन्सिलीला टोक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या भावाचं दुकान असतं, तर त्याचा काटा तू तपासला असतास का?"

आमच्या खात्यात कडक नियम आहे. नात्यातल्या माणसाचा काटा आपण तपासायचा नाही, सहकाऱ्याकडे द्यायचा आणि तो कोणाचा हेही सांगायचं नाही. नियम त्यांना ठाऊक आहे, इतक्या वर्षांत माझ्याकडूनच ऐकलाय.

"हा काटा नाही, तक्ता आहे," मी म्हटलं.

ते टोक काढत राहिले. मला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. ठीक आहे. उद्या देते शून्यसाहेबाला. होऊन जाऊ दे.

२० मे, मंगळवार

शून्यसाहेब म्हणजे माझा कचेरीतला सहकारी. कुठल्याही दुकानात गेला की आधी रिकामा काटा बघतो, शून्यावर येतो की नाही. त्यावरून हे नाव. मी त्याला तक्ता दिला, कॉलेजांची नावं झाकली, एकाला 'जवळचं' आणि एकाला 'दूरचं' लिहिलं. म्हटलं, एका ओळखीच्यांनी केलाय, तपासून दे.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो माझ्या टेबलाशी आला आणि ओठ दाबून हसत होता.

"मॅडम, हा काटा रिकामाच एका बाजूला कलतो. शिक्षणाच्या सगळ्या रकान्यांत दोन्ही कॉलेजांना सारखे गुण दिले. जवळचं पुढे. म्हणून मग मी जवळच्याचे शिक्षक काढून टाकले."

"काढून टाकले?"

"सगळे. तरी जवळचंच पुढे. मग प्रयोगशाळा काढली, ग्रंथालय काढलं. मॅडम, त्या कॉलेजात आता एक फळाही नाही, आणि तरीही ते पहिलं येतंय!"

तो अगदी खुशीत होता. म्हणाला, आहार काय, आजारपण काय, हवामान काय, सगळी एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं आहेत. घरापासून लांब किती, एवढंच पाच वेळा मोजलंय. "ज्यांनी केलाय ना, त्यांना मूल घरातून पाठवायचंच नाहीये. तसं सरळ लिहायचं होतं, एवढा तक्ता कशाला?"

मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको, कागद दे इकडे. आगाऊ माणूस. चार काटे तपासले की स्वतःला न्यायाधीश समजतात.

२१ मे, बुधवार

आज रजा टाकली. खडी मैत्रिणीकडे गेली होती. तिच्या खोलीत झाडू मारायला गेले आणि मोकळ्या खिडकीसमोर उभी राहिले. मला ती खिडकी बघवेना. मग पलंगाखालून खोकं ओढलं. दगड नुसते टाकले नव्हते, प्रत्येक दगड कापडात गुंडाळून ठेवला होता, जसं लोक परत न उघडायच्या वस्तू ठेवतात तसं. मी जमिनीवर बसले आणि रडले. भरपूर रडले. मला वाटत होतं पोरीने आकडे ऐकले. तिने आकडे ऐकलेच नव्हते, मला ऐकलं होतं.

ती आली तेव्हा मी तिथेच बसलेली होते. विचारलं, "तू हो का म्हणालीस?"

ती माझ्याशेजारी बसली, खोक्यातला एक दगड उचलला. मग म्हणाली, "तू 'झोप' असा रकाना घातलास ना, तेव्हा मला कळलं. तू एकटी पडशील."

"एकटी कशी? तुझे बाबा आहेत की."

"बाबा बोलतात कुठे?"

आम्ही दोघी हसलो आणि परत रडलो, म्हणजे मी रडले, ती हसत होती. मी तिला सांगितलं की मला एकटेपणाची भीती वाटते, फार वाटते, पण ती मी तिच्या डोक्यावर ठेवणार नाही. हे वाक्य बोलायला सोपं नव्हतं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की तू जायचं ठरलेलं नाही. तुझी बाजू कागदावर भारी आली होती, पण तिथे वर्गात बसून अजून कोणीच मोजलेलं नाही. आपण जाऊन बघू या.

"यादी न नेता?" तिने विचारलं.

"यादी न नेता."

२४ मे, शनिवार

जाऊन आलो. परतीच्या गाडीत लिहितेय, अक्षर बघून हसू नये.

कॉलेज साधंच आहे. भिंतींचा रंग उडालाय. छप्पर खरंच गळतं, खाली दोन बादल्या ठेवलेल्या होत्या आणि बाईंनी त्या लपवल्या नाहीत. या बाई म्हणजे भूशास्त्राच्या प्रमुख, फोनवर भेटलेल्या. पायात जाड बूट, बुटांना माती. सुट्टीतला जादा वर्ग चालू होता, वर्गाचं दार सताड उघडं. आम्हाला म्हणाल्या, मागच्या बाकावर बसा, कंटाळा आला तर जा.

एका मुलाने खाणीतून आणलेला दगड पुढे केला आणि हे काय आहे, असं विचारलं. बाईंनी तो उलटसुलट केला, भिंगातून पाहिला आणि म्हणाल्या, "मला नाही माहीत." वर्गात एकदम चैतन्य आलं. मुलं उठली, कोणी आम्ल आणलं, कोणी पुस्तक, दोघं भांडायला लागली. खडी मागच्या बाकावरून कधी उठली आणि कधी त्या घोळक्यात शिरली मला कळलंच नाही. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "पण मग यावर ओरखडा का पडत नाही?" आणि बाई म्हणाल्या, "हां, हे बरोबर विचारलंस."

माझी मुलगी घरात कधी असं बोलत नाही. तिथे ती उंच दिसत होती.

नंतर मी बाईंना थेट विचारलं, तुम्ही मासिकाला माहिती का पाठवली नाही. मला वाटलं त्या यादीला शिव्या घालतील. म्हणाल्या, "चुकलंच आमचं. ते भरायचे दिवस नेमके खाणीत जायचे असतात, म्हणून राहून जातं. पण याद्यांना मी हसत नाही. ज्या घरात आधी कोणी शिकलेलं नसतं, त्यांना कुठून तरी सुरुवात हवी ना? आमच्यामुळे त्यांना चुकीचा आकडा मिळतो."

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी मी भरून देते, मोजायचं कामच आहे माझं. त्यांनी लगेच हो म्हटलं. फार चलाख बाई आहे.

आत्ता समोरच्या बाकावर खडी झोपलीय, तोंड उघडं. हातात त्यांनी दिलेला दगडाचा तुकडा आहे. आम्ही अर्ज भरून आलोय.

२८ मे, बुधवार

दादाला सांगितलं. तिळपापड झाला त्याचा. "एकशे बारावं? हातातलं चौथं सोडून? लोक काय म्हणतील?"

मी मासिकाच्या फोनची गोष्ट सांगितली, तीन याद्यांचे तीन आकडे सांगितले. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाला, "मला कोणी सांगणारं नव्हतं गं. मी शिकायला गेलो ती संस्था दुसऱ्या वर्षी बंद पडली. तेव्हा अशी यादी असती तर मी तिथे पाऊलही टाकलं नसतं."

हे मला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत या वादाशी मी ते कधी जोडलंच नव्हतं. मला एकदम त्याच्याबद्दल माया वाटली. म्हटलं, "दादा, यादीने बंद पडणारी दुकानं कळतात, ते खरं. पण पोरीचं मन कुठे लागेल, ते यादीत नाही. त्यासाठी जाऊन बसावं लागतं."

"मग मला का नाही नेलंस?"

"तू तिथल्या बादल्या मोजल्या असत्यास."

तो हसला. पटलं असं म्हणाला नाही. पण जाताना खडीला म्हणाला, "सुट्टीत मला एक दगड आण. चौथ्या क्रमांकाचा आण."

५ जुलै, शनिवार

आज तिला वसतिगृहात सोडलं. बाबांनी तिच्या खोलीत टेबलाचा हलणारा पाय घट्ट केला, खिडकीची कडी घट्ट केली, मग घट्ट करायला काही उरलं नाही म्हणून पेच तपासत बसले. शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फोन कर. मी पण बोलेन." खडीने त्यांना मिठी मारली. मला मारली तेव्हा ती लहान झाली होती, दोन मिनिटं, मग सुटली आणि जिन्यावरून हाक आली म्हणून पळाली. मागे वळून बघितलं. हात केला. गेली.

बाबा गाडीची चौकशी करायला गेले. मी कॉलेजच्या बाहेर कट्ट्यावर बसले आणि मनसोक्त रडून घेतलं. रुमाल भिजला, मग पदर.

शेजारी एक बाई येऊन बसल्या. सोबत पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल एवढी मुलगी, हातात तेच मासिक, घड्या पडलेलं. दोघी दमलेल्या दिसत होत्या, बऱ्याच ठिकाणी फिरून आल्या असाव्यात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि संकोचाने विचारलं, "ताई, तुम्ही इथल्याच का? हे कॉलेज कितवं आहे हो?"

मी डोळे पुसले.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मी आत्ताच माझ्या मुलीला आत सोडलंय. आज मला हे जगातलं पहिलं कॉलेजही वाटतंय आणि शेवटचंही."

मग त्यांनी आपल्या मुलीचा हात धरला, जरा जास्तच घट्ट, आणि विचारलं, "मग कोणाला विचारू?"

"कोणाला विचारूच नका. वर्गाचं दार उघडं असतं. आत जाऊन मागच्या बाकावर बसा," मी म्हटलं. "आणि स्वतःकडे नाही, मुलीकडे बघा."

त्या दोघी आत गेल्या. मासिक कट्ट्यावरच राहिलं होतं, ते परत द्यायला मी त्यांच्या मागे धावले, आणि अर्ध्या वाटेवर थांबले. वर्गाच्या दारात मुलीने आईचा हात सोडला होता, मी मासिक माझ्याच पिशवीत टाकलं.